खुलासा : पहिलं ऑस्कर सोफियाचं नव्हे, आन्ना मान्यानीचं

‘ऑस्कर मिळवणारी पहिली इटालियन अभिनेत्री सोफिया लॉरेन’ हा मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. सोफियाला ऑस्कर मिळालं १९६२ मध्ये. त्याच्या सहा वर्षं आधी, १९५६ साली, ‘द रोझ टॅटू’ या चित्रपटासाठी इटलीच्याच आन्ना मान्यानीला ते मिळालं होतं. सोफियाचा विक्रम वेगळा आहे आणि तोही लहान नाही : इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेतल्या भूमिकेसाठी अभिनयाचं ऑस्कर घेणारी ती पहिली. घोळ बहुधा इथेच झालाय.

गंमत म्हणजे ‘द रोझ टॅटू’ ज्या नाटकावर बेतलाय, ते अमेरिकी नाटककार टेनेसी विल्यम्सने मान्यानीला डोळ्यांपुढे ठेवूनच लिहिलं होतं. पण आपलं इंग्रजी रंगमंचावर निभावणार नाही, म्हणून तिने ब्रॉडवेला, म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीला, नकार दिला. १९५१ मध्ये तिच्या जागी तिथे अमेरिकी अभिनेत्री मॉरीन स्टेपलटन उभी राहिली.

त्याच मजकुरात ‘रोम, ओपन सिटी’ (१९४५) हा मान्यानीचा पहिला चित्रपट म्हटलाय. तेही खरं नाही. होणाऱ्या नवऱ्याला घेऊन निघालेल्या ट्रकमागे किंचाळत धावणारी, गोळी लागून रस्त्यावर कोसळणारी तिची पीना जगाने तेव्हा पाहिली, एवढंच. मान्यानी १९३४ पासून पडद्यावर होती आणि इटालियन विनोदवीर तोतोसोबत रंगमंचही गाजवत होती.