गव्हाण एकच, फाटकं कितीही करा

बेळगावातल्या आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या ग्रुपवर आठवडाभर एक फॉरवर्ड फिरतोय: ‘मेसेज क्यू तुंबली? क्लस्टरमध्ये सर्व्हर वाढवा, काम आपोआप सगळ्यांत सारखं वाटलं जातं.’ (मेसेज क्यू म्हणजे मेसेज थांबतात ती रांग, क्लस्टर म्हणजे ती मिळून चालवणारे सर्व्हर आणि त्यातला एकेक सर्व्हर म्हणजे नोड.) फॉरवर्डखाली चार कारणं दिलीत. तीन चूक आहेत, चौथं अर्धं खरं. चिकोडी-निपाणी भागातल्या ऊस वजनांचे मेसेज शेतकऱ्यांना मराठी-कन्नडमध्ये पाठवणारी यंत्रणा मी दोन हंगाम सांभाळली. यातल्या बहुतेक चुका स्वतः करून झाल्यात, म्हणून लिहितो.

‘नोड वाढवला की क्यू सगळ्या नोडवर पसरते.’ नाही पसरत. रॅबिटएमक्यू या क्यू चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोरम क्यूचा (जिच्या प्रती अनेक नोडवर ठेवतात अशा क्यूचा) लीडर, म्हणजे मुख्य प्रत, एकाच नोडवर असतो आणि तिचा प्रत्येक मेसेज त्याच्याच हातून जातो. बाकी नोडवर प्रती असतात, पण त्या नोड पडला तर मेसेज वाचावेत म्हणून. ओझं वाहायला नव्हे. उलट मेसेज बहुसंख्य प्रतींवर लिहिला गेल्याशिवाय पाठवणाऱ्याला पोच मिळत नाही, म्हणजे काम वाढतंच. कारखान्याला फाटकं चार केली तरी ऊस टाकायची गव्हाण एक असेल, तर गाळप तेवढंच!

वर आणखी एक खोच आहे. ज्या नोडला जोडून क्यू बनवली, तिथेच तिचा लीडर बसतो. वेगळं सांगितलं नाही तर असंच होतं. आमचा प्रोग्राम सुरू होताना पहिल्या नोडला जोडून सगळ्या क्यू बनवायचा. ऐन डिसेंबरात, गाळप जोरात असताना, पहिला नोड घामाघूम आणि उरलेले दोघं ऊन खात बसलेले. साहेब म्हणाले, ‘आणि एक सर्व्हर घाल की, काय होतंय!’ घातला. तोही ऊन खात बसला. शेवटी नव्या क्यूंसाठी लीडर वाटून बसवण्याची सेटिंग केली आणि जुन्यांसाठी लीडर पुन्हा वाटणारी रीबॅलन्सची कमांड चालवली. नोड रीस्टार्ट केला की ती पुन्हा चालवावी लागते, कारण दुसरीकडे गेलेले लीडर आपणहून घरी परतत नाहीत.

‘राउंड रॉबिन आहे, म्हणजे सगळ्या वर्करना सारखं काम.’ राउंड रॉबिन म्हणजे वर्करना, क्यूतले मेसेज उचलून काम करणाऱ्या प्रोग्रामना, पाळीपाळीने एकेक मेसेज देणं. सारखे मेसेज म्हणा, सारखं काम नव्हे. एका वर्करकडे दहा एसएमएस आणि दुसऱ्याकडे दहा गावांची बिलं पीडीएफ करायला, ही कसली समान वाटणी? त्यात प्रीफेच (पोच न देता वर्करने एका वेळी किती मेसेज हातात घ्यायचे तो आकडा) ठरवून दिला नाही, तर आधी जोडलेला वर्कर तुंबलेली सगळी क्यू स्वतःकडे ओढून घेतो. मागून आलेल्यांच्या वाट्याला काहीच उरत नाही. मग लोक घाईने प्रीफेच 1 करतात. जड कामाला ते ठीक. पण काम 5 मिलिसेकंदांचं आणि नेटवर्कची ये-जा 50 ची असेल, तर वर्कर 55 पैकी 50 मिलिसेकंद नुसता वाट बघतो. 55 मिलिसेकंदांत 5-5 ची 11 कामं बसतात, म्हणून अशा ठिकाणी 11-12 हा आकडा बरा.

‘पुढे लोड बॅलन्सर बसवला की झालं.’ तो प्रोग्रामांची नोडशी होणारी कनेक्शनं वाटतो, मेसेज नव्हे. ही कनेक्शनं दिवसच्या दिवस उघडी राहतात, त्यामुळे नवा नोड आला तरी जुनी जागची हलत नाहीत.

‘काफ्का घ्या, तिथे वाटणीचा प्रश्नच नाही.’ हे ते अर्धं खरं. काफ्का हे मेसेज साठवून पोचवणारं दुसरं सॉफ्टवेअर. त्यात टॉपिकचे (एका विषयाच्या मेसेजांच्या प्रवाहाचे) पार्टिशन, म्हणजे तुकडे, खरोखरच वेगवेगळ्या सर्व्हरवर असतात. पण एका कन्झ्युमर ग्रुपात (मिळून मेसेज वाचणाऱ्या प्रोग्रामांच्या गटात) एक पार्टिशन एका वेळी एकाच कन्झ्युमरला मिळतो. पार्टिशन 6 आणि कन्झ्युमर 8 असतील, तर दोघं बिनकामाचे. नवा ब्रोकर (काफ्काचा सर्व्हर) जोडला तरी जुने पार्टिशन आपोआप त्याच्याकडे जात नाहीत, हलवावे लागतात. आणि ‘की’ (मेसेज कोणत्या पार्टिशनवर जाईल ते ठरवणारी खूण) चुकली तर सगळंच बोंबललं. दुसऱ्या हंगामात आम्ही वजनं काफ्कात टाकू लागलो तेव्हा ‘की’ ठेवली कारखान्याचा कोड. सगळ्यात मोठ्या कारखान्याची सगळी वजनं एकाच पार्टिशनवर, मेसेज तासभर उशिरा आणि शेतकऱ्यांचे फोन मला. पार्टिशन वाढवून उपयोग नव्हता, एक कोड शेवटी एकाच पार्टिशनवर जाणार. ‘की’ बदलून शेतकऱ्याचा सभासद क्रमांक ठेवला. मेसेज क्रमाने जायला हवे होते ते एकाच शेतकऱ्याच्या खेपांचे. अख्ख्या कारखान्याचा क्रम कुणी मागितलाच नव्हता.