दहापैकी किती, एवढंच नाही

वेदना ज्याची त्यालाच कळते, म्हणून ० ते १० मधला आकडा विचारण्यापलीकडे शास्त्राच्या हाती काही नाही, हे वेदना मोजण्यावरच्या लेखातलं विधान मला अजिबात पटलं नाही. मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेचं वर्णन नोंदवणारी मॅकगिल प्रश्नावली मांडली ती याच अडचणीवर. वेदनेची ७८ विशेषणं, २० गटांत. किती दुखतं याच्या जोडीला कसं दुखतं, हेही त्यातून नोंदवता येतं आणि रुग्णारुग्णांत ताडून पाहता येतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघेदुखीच्या एका आजी दर वेळी "असेल पाच-सहा" म्हणायच्या. एकदा विचारलं, "आजी, दुखतं म्हणजे नेमकं काय होतं?" त्यांनी मांडीच्या मागून पोटरीपर्यंत हात फिरवला. "गुडघा ठणकतो गं, पण इथनं खाली मुंग्या येतात, मधेच सणक जाते." कंबरेत नस दबली तरी असं होतं, म्हणून मग कंबर तपासली आणि उपचारांची दिशाच बदलली. ठणका, कळ, चमक, आग, सणक यांत आपल्या माणसांची गफलत फारशी होत नाही. मराठी प्रश्नावली करायची तर इंग्रजी विशेषणं भाषांतरित करत बसू नका; आधी रुग्णांच्या तोंडचे हे शब्द गोळा करा.