गुण्या घरी ठेवून या

साउथॅम्प्टनजवळ हॅम्बल नावाची नदी आहे. तिच्यात बोटी इतक्या दाटीने बांधलेल्या असतात की पाणी बघायला मान वाकडी करावी लागते. त्यांतलीच एक आमची. १९७४ सालची, २६ फुटी, फायबरग्लासची, शिडाची. विकणारा म्हणाला होता, "आतलं लाकूडकाम तेवढं जरा बघावं लागेल." लग्न ठरवताना "मुलगा तसा थोडा तापट आहे" हे ज्या सुरात सांगतात, त्याच सुरात.

आई चिपळूणहून व्हिडिओ कॉलवर. "प्लास्टिकची होडी ना रे? मग लाकूड कुठून आलं त्यात?"

"आई, बाहेरून फायबर. आत फळ्या, कपाटं, बाकं, टेबल, सगळं सागाचं."

"मग इतक्या लांब जाऊन सुतारकामच करायचं होतं, तर इथल्या माडीचा जिना काय वाईट होता?"

ह्याला उत्तर नाही. मी तिला नेटवर्क गेल्याचं सांगितलं.

सुतारकामाची सगळी शिस्त काटकोनावर उभी असते आणि बोटीत काटकोन नसतो. भिंत आडवी फुगलेली, उभीही फुगलेली, शिवाय पुढे निमुळती होत जाते. काटकोन तपासायचा गुण्या लावला की दोन्हीकडून उजेड दिसतो. सपाटी बघायची बुडबुड्याची पाणसळ लावावी, तर हिवाळ्यात बोट पाण्याबाहेर काढून टेकूंवर उभी केलेली, तीही जराशी नाकावर झुकलेली. मग बुडबुडा खरा की फळी खरी? एका साध्या मांडणीची लांबी मी तीन ठिकाणी मोजली आणि तीन वेगळे आकडे आले. तिन्ही बरोबर होते. शेवटी कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, भिंतीला लावून, पुन्हा कापून साचा करायचा आणि तो फळीवर उतरवायचा. त्या महिन्यात घरात कॉर्नफ्लेक्स फार खाल्ले गेले.

पण खरं दुखणं लाकडाचं नव्हतंच. खिडकीखाली सागावर काळे डाग होते. खिडकीच्या चौकटीतून पाणी झिरपतं, आतल्या अस्तरामागून वाट काढतं आणि भलत्याच कपाटात उगवतं. तिथे आधीच्या कुणा मालकाने पितळी स्क्रूंच्या जागी लोखंडी मारलेले. लोखंड, पाणी आणि सागातलं टॅनिन एकत्र आलं की शाईच तयार होते. ऑक्झॅलिक ॲसिड लावलं की डाग जातात (हातमोजे घालून, नंतर भरपूर पाण्याने धुऊन; विषारी असतं ते), पण खिडकी गळतेय तोवर त्याला अर्थ नाही. म्हणजे आधी खिडकी काढा. खिडकीचे स्क्रू जागच्या जागी गोल फिरतात, बाहेर येत नाहीत. त्यांच्या नटांपर्यंत पोचायला अस्तर काढा. अस्तरामागचा फोम पन्नास वर्षांत भुगा होऊन बसलेला, तो केसांत, कानांत आणि चहात. मांडणी दुरुस्त करायला आलेला मी दुपारपर्यंत छत उतरवून बसलो होतो.

एक काम मात्र मला मनापासून आवडलं. स्क्रूंची डोकी झाकायला सागाची छोटी गोल बुचं ठोकलेली असतात. ती पटाशीने उकरली की भोवतीचं लाकूड फाटतं. त्याऐवजी बुचाच्या मधोमध बारीक भोक पाडायचं आणि त्यात एक स्क्रू फिरवत न्यायचा. टोक खालच्या पितळी डोक्याला टेकलं की त्याला पुढे जागा उरत नाही, मग बूच आपण होऊन स्क्रूवर चढत वर येतं. नवं बूच बसवताना त्याचे रेषे भोवतीच्या लाकडाच्या रेषांशी जुळवायचे. माझं पहिलं असं जुळलं की बायकोला दाखवायला गेलो तेव्हा मलाच सापडेना.

घासणं हा वेगळा छळ. आपल्याला जो भरीव साग वाटतो, तो बराचसा मरीन प्लायवर चिकटवलेला सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पापुद्रा असतो. इंग्रज माणूस आपण होऊन बोलत नाही म्हणतात. त्याच्यासमोर पॉलिश पेपर काढून बघा. शेजारच्या बोटीवरचे आजोबा चहाचा मग घेऊन शिडी चढले आणि म्हणाले, मशीन लावलंस तर प्लाय दिसेल. पलीकडचे दुसरे चढले आणि म्हणाले, हाताने घासलंस तर म्हातारा होशील. मग ते दोघे एकमेकांशी बोलू लागले. माझ्या केबिनमध्ये, माझ्या बाकावर बसून. मी हातानेच घासलं; आजोबांचा मग तिथेच राहिला.

वॉर्निशला ऊब लागते आणि कोरडी हवा. इंग्लंडात हिवाळ्यात वेळ असतो पण ऊब नसते, उन्हाळ्यात ऊब असते पण तेव्हा बोट फिरवायची असते, आणि कोरडी हवा कधी असते ते मासिकांतून कळतं. पहिला हात निम्मं थिनर घालून, मग दाट करत जायचं, दोन हातांच्या मध्ये बारीक पेपर. कपाटाच्या आतली बाजू रंगवताना माझं डोकं कपाटात असे आणि पाय शेगडीवर. शेवटचा हात आरशासारखा बसला की कुठून तरी एक चिलट येतं. एकच. दोन कधी येत नाहीत.

मी वैतागलोय हे बघून आजोबांनी हार्टलपूलला जायला सांगितलं. तिथे 'ट्रिंकोमाली' नावाची युद्धनौका अजून तरंगते. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली, १८१७ साली पाण्यात सोडलेली. तिच्या फळ्यांवरून हात फिरवला आणि जरा अभिमानही वाटला. पण खरा धीर आला तो पुढची हकिगत वाचून. तिची मागणी १८१२ची. बांधणीचे नकाशे इंग्लंडहून मुंबईला निघाले ते 'जावा' जहाजातून, आणि 'जावा' वाटेतच अमेरिकनांशी लढताना गेलं. नकाशे पुन्हा पाठवावे लागले. आमच्याकडे फक्त बिजागऱ्या यायच्या होत्या.

शेवटी डावी बाजू पूर्ण झाली. झळाळत होती. आणि त्या क्षणापासून उजवी बाजू, जी आतापर्यंत बरी दिसायची, ती बघवेना. बाकं समोरासमोर असल्याने पेच असा, की नव्या बाजूला बसणाऱ्याला समोर जुनीच दिसते. बायकोने पाहुणे यायच्या आधी व्यवस्था लावून टाकली: "पाहुण्यांना जुन्या बाकावर बसवायचं, म्हणजे त्यांना नवीन दिसेल. तू नव्यावर बस आणि उजवीकडचं काय काय राहिलंय ते बघत राहा."