बेल्टेनची आग चेटकिणींची नव्हे, चेटकिणींविरुद्धची

एप्रिल संपत आला की एक मजकूर समाजमाध्यमांवर नव्याने फिरू लागतो. मूळ इंग्रजीतला; मराठी आवृत्ती महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छांमधून वाट काढत येते. त्याचा सारांश असा: बेल्टेन हा १ मेचा केल्टिक अग्निसण म्हणजे चेटकिणींचा पाच हजार वर्षं जुना सण. त्या रात्री ड्रुइड पुरोहित बेल नावाच्या सूर्यदेवाला माणसं जाळून अर्पण करत. मेपोल, म्हणजे मे महिन्यात उभारून ज्याच्याभोवती नाचतात तो खांब, ही लिंगपूजा. चर्चने नव्वद लाख चेटकिणी जाळल्या, तरी उरलेल्यांनी वर्षातल्या आठ सणांचं चक्र लपूनछपून अखंड फिरतं ठेवलं, आणि आजचे विक्कापंथी, म्हणजे स्वतःला चेटकिणींचे वारस म्हणवणाऱ्या आधुनिक पंथाचे लोक, तेच विधी जसेच्या तसे करतात. शेवटी आपल्यासाठी खास पुरवणी: ही आपलीच होळी, तिकडे गेलेली.

यातली तारीख तेवढी बरोबर आहे.

१ मेला बागेत शेकोटी पेटवून तिच्यावरून उडी मारणाऱ्या विक्कापंथीयांशी माझं काही वाकडं नाही. त्यांनी खुशाल साजरा करावा. आक्षेप आहे तो त्यांच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या इतिहासाला.

पुरवणी आधी उरकून टाकू. होळी तिथीने येते, फाल्गुन पौर्णिमेला. बेल्टेन हा आयर्लंड, स्कॉटलंड आणि आइल ऑफ मॅन इथल्या गुरं पाळणाऱ्यांचा, उन्हाळी कुरणांकडे निघण्याच्या वेळचा सण. आग आणि तिच्यावरून उडी एवढंच साम्य धरायचं, तर इराणी लोक नवरोजच्या आधीच्या शेवटच्या मंगळवारी रात्री आगीवरून उड्या मारतात आणि स्पेनमध्ये जूनमधल्या सेंट जॉनच्या रात्री मारतात. मग सगळ्यांनाच होळी म्हणावं लागेल. इथून तिथे काही गेल्याचा एकही दुवा हा मजकूर देत नाही, कारण द्यायला काही नाही.

'पाच हजार वर्षं जुना.' पाच हजार वर्षांपूर्वी आयर्लंडमध्ये न्यूग्रेंजचं प्रचंड दगडी थडगं उभं राहत होतं. ते बांधणाऱ्यांची भाषा कोणती, हे कुणालाच माहीत नाही; त्यांना केल्टिक म्हणायला आधार नाही. शिवाय त्या थडग्याचं तोंड डिसेंबरातल्या सूर्योदयाकडे आहे, मे महिन्याशी त्याचा संबंध नाही. बेल्टेनच्या आगीची जुनी लेखी नोंद सापडते ती इसवी सन ९०० च्या सुमाराच्या एका आयरिश शब्दकोशात. तो दक्षिण आयर्लंडमधल्या मन्स्टरचा राजा आणि बिशप कॉर्मक याच्या नावावर आहे. कॉर्मक ९०८ मध्ये लढाईत मारला गेला. नोंद अशी, की ड्रुइड मंत्र म्हणत दोन आगी पेटवत आणि वर्षभराच्या रोगराईपासून बचाव म्हणून गुरं त्या दोहोंमधून हाकत. लिहिणारा ख्रिस्ती, आणि आयर्लंड ख्रिस्ती होऊ लागून तोवर चारशेहून अधिक वर्षं लोटलेली. म्हणजे ही ऐकीव माहिती. तरी मी ती उडवून लावणार नाही, कारण दोन आगींमधून गुरं नेण्याची चाल पुढे एकोणिसाव्या शतकापर्यंत खरोखर टिकली. सण ख्रिस्तपूर्व असावा हे पटण्यासारखं आहे. पण 'असावा' आणि 'पाच हजार वर्षं' यांच्यामधली दरी या मजकुराने नुसत्या आत्मविश्वासाने भरून काढली आहे.

'बेल हा सूर्यदेव.' कॉर्मकच्या कोशातच बिल नावाच्या मूर्तीचा उल्लेख येतो. पुढच्या लेखकांनी त्याला बायबलातल्या बाल या दैवताशी जोडून दिलं, आणि सतराव्या शतकात जेफ्री कीटिंगने आयर्लंडच्या मध्यावरच्या उश्नॅख टेकडीवर बेलसाठी मोठा मेळा भरे, असं लिहून ठेवलं. बेलेनस नावाचा एक देव होता, हे खरं. पण त्याचे शिलालेख सापडतात उत्तर इटलीतल्या अक्विलेयाला आणि गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या आसपासच्या मुलखात. आयर्लंडमध्ये एकही नाही.

'माणसं जाळत.' या दाव्याची वाटचाल मात्र मजेशीर आहे. वेताच्या पुतळ्यात माणसं कोंडून जाळण्याचं वर्णन ज्युलियस सीझर करतो, नंतर स्ट्रेबोही करतो. दोघंही बोलतात गॉलबद्दल. दोघांपैकी कुणीही बेल्टेनचं नाव घेत नाही की मे महिन्याचं. त्यातून सीझर गॉल जिंकायला निघालेला; शत्रू किती रानटी हे रोमला सांगणं त्याच्या सोयीचं होतं. हा गॉलचा पुतळा स्कॉटलंडच्या बेटावर, तोही मे महिन्यात, नेऊन ठेवला १९७३च्या एका ब्रिटिश भयपटाने. आज लोकांच्या डोळ्यांसमोर जे येतं ते त्या पडद्यावरचं.

स्कॉटलंडची खरी नोंद याहून कितीतरी घरगुती आहे. पर्थशरमधल्या कॅलंडर गावच्या पाद्र्याने १७९०च्या दशकात ती केली. गावची पोरं माळावर जमत, हिरवळीत गोल चर खणून मधे मेजासारखी जागा ठेवत, जाळ करून दूध-अंड्यांचं कस्टर्ड शिजवत आणि ओटच्या पिठाची भाकरी भाजत. भाकरीचे जितकी पोरं तितके तुकडे करायचे, एक तुकडा कोळशाने काळा करायचा, सगळे टोपीत टाकून डोळे बांधून उचलायचे. काळा ज्याच्या हाती येईल तो बळी. त्याची शिक्षा काय? आगीतून तीन उड्या. पाद्रीबुवांना यात जुन्या नरबळीचा अवशेष दिसला, पुढे मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझरने तोच धागा जगभर नेला. शक्यता म्हणून ठीक. पण पुराव्यात जे आहे ते इतकंच, की पोरं कस्टर्ड खात होती आणि एकाची थट्टा करत होती.

आता मुख्य दावा: 'चेटकिणींचा सण.' इथे गोष्ट नेमकी उलटी आहे.

१ मे म्हणजे गाई-म्हशींचं वर्ष जिथे सुरू होतं तो दिवस. अर्थात तिकडे म्हशी नाहीत, गाईच. हिवाळाभर गोठ्यात आणि गावाजवळ राहिलेली खिल्लारं डोंगरावरच्या कुरणांकडे निघायची, ती थेट १ नोव्हेंबरला, सॉइन या सणाला परतायची. आयर्लंडमध्ये खंड भरण्याचे आणि गडी ठरवण्याचे दिवसही हेच दोन. गाई विऊन दूध देऊ लागलेल्या, पुढच्या सहा महिन्यांचं लोणी-चीज याच दुधावर. साहजिकच भीती एकच: दुधाला काही झालं तर? गाय आटली, घुसळूनही लोणी येईना, की 'कुणीतरी केलं' असं वाटायला आपल्याकडच्या दुभत्या घरांतही वेळ लागत नाही. तिकडे हे करणारी म्हणजे चेटकीण, आणि तिचा हंगाम म्हणजे मे महिन्याची पहिली पहाट.

जेराल्ड ऑफ वेल्स या पाद्र्याने बाराव्या शतकातच लिहून ठेवलंय, की काही म्हाताऱ्या सशाचं रूप घेऊन दुसऱ्याच्या गाईंचे सड चोखतात अशी वेल्स, आयर्लंड, स्कॉटलंडमध्ये जुनी तक्रार आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज इतिहासकार विल्यम कॅमडेन आयरिश लोकांबद्दल सांगतो, की १ मेला जी बाई घरी विस्तव मागायला येईल तिला ते चेटकीण समजतात. म्हणून त्या दिवशी घरातून विस्तव, दूध, मीठ काहीच बाहेर जाऊ द्यायचं नाही. विहिरीवर पहाटे राखण ठेवायची, कारण पहिलं पाणी दुसऱ्या कुणी काढलं तर तुमचं वर्षाचं लोणी त्याच्या रवीला. शेजारणीने तुमच्या शेतातल्या दवावरून फडकं फिरवलं तरी तेच. उपाय म्हणून दारात पिवळी फुलं टाकायची, गाईच्या शेपटीला रोवन या झाडाची डहाळी लाल दोऱ्याने बांधायची, आणि आग पेटवायची.

ती आग कुणासाठी? स्कॉटलंडच्या ईशान्येकडची पोरं ती पेटवताना काय ओरडत, हे वॉल्टर ग्रेगर या लोकसाहित्य गोळा करणाऱ्या पाद्र्याने १८८१ मध्ये छापलं: पेट, भडक, चेटकिणींना जाळ! मग राख उडवत, एकमेकांची तोंडं काळी करत. आइल ऑफ मॅनवर गॉर्स नावाची काटेरी झुडपं पेटवत, आत सशाच्या रूपात लपलेली चेटकीण होरपळून बाहेर यावी म्हणून.

म्हणजे बेल्टेनच्या रात्री चेटकिणी आगीभोवती नाचत नव्हत्या. ज्या बाईवर संशय, तिला दूर ठेवायला ती आग होती. हे सुखावह नाही. संशय घेतला जायचा तो बहुधा गरीब, म्हाताऱ्या, विस्तव मागायला यावं लागणाऱ्या बाईवर. आज जे लोक चेटकीण हा शब्द अभिमानाने मिरवतात, त्यांनी एका अर्थी त्या बाईच्या बाजूने उभं राहून सण ताब्यात घेतला. मला ही गोष्ट त्या फिरत्या मजकुरापेक्षा कितीतरी रंगतदार वाटते. तो मजकूर मात्र हीच गोष्ट पुसून टाकतो.

भीतीपलीकडेही या सणात बरंच काही होतं. थॉमस पेनंट या प्रवाशाने १७६९च्या स्कॉटलंड दौऱ्याच्या वृत्तान्तात नोंदवलेला बेल्टेन बघा. गुराखी चौकोनी चर खणून मधे जाळ करतात; अंडी, लोणी, ओटचं पीठ आणि दूध यांची पेज शिजवतात; बिअर आणि व्हिस्की भरपूर, प्रत्येकाने काही ना काही आणायचंच. आधी थोडी पेज जमिनीवर सांडायची. मग नऊ चौकोनी गोळे काढलेली ओटची भाकरी हातात घ्यायची, आगीकडे तोंड करायचं, एकेक गोळा मोडून खांद्यावरून मागे फेकायचा: हा तुला, माझे घोडे राख, हा तुला, माझी मेंढरं राख. राखणाऱ्यांचं झालं की भक्षकांची पाळी: कोल्ह्या, हा तुला, माझी कोकरं सोड, हा तुला, कावळ्या, हा तुला, गरुडा. यात चर्च नाही, ड्रुइड नाही, चेटूक नाही. कोल्ह्याशी केलेला करार आहे.

मेपोल थोडक्यात. तो प्रामुख्याने इंग्लंडचा आणि जर्मन मुलखाचा. त्याला लैंगिक दैवताशी जोडलं ते १६५१ मध्ये तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जने, पुढे फ्रॉइडच्या वाचकांनी. रंगीत फिती धरून त्याच्याभोवती नाचणं एकोणिसाव्या शतकात रुळलं, तेही रंगभूमीवरून आणि शाळांतून.

'नव्वद लाख.' हा आकडा गॉटफ्रीड फोग्ट या जर्मन गृहस्थाने १७८४ मध्ये काढला. क्वेडलिनबुर्ग गावच्या दप्तरातले मोजके खटले घेतले, त्यांचा गुणाकार शतकं आणि अख्ख्या युरोपच्या लोकसंख्येशी केला, आणि उत्तर आलं ९४,४२,९९४. इतका नेमका आकडा पाहूनच शंका यायला हवी होती. आजचे इतिहासकार ४० ते ६० हजार मृत्यू मानतात. इंग्लंडमध्ये चेटकिणींना जाळत नव्हते, फाशी देत. आणि बेल्टेनचं माहेर असलेल्या आयर्लंडमध्ये असे खटले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके झाले. स्कॉटलंडचं प्रकरण भयानक होतं, तिथे ३,८३७ जणांवर आरोप झाल्याची नोंद एडिनबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी गोळा केली आहे. खऱ्या आकड्यानेही अंगावर काटा येतो. त्याला शून्यं जोडायची गरज नव्हती.

'आठ सणांचं अखंड चक्र.' जुन्या आयरिश कथेत वर्षाचे चार टप्पे येतात: सॉइन, फेब्रुवारीच्या आरंभीचा इंबोल्क, बेल्टेन आणि ऑगस्टच्या आरंभीचा चौथा. आठांतले उरलेले चार, म्हणजे दोन अयनं आणि दोन संपातं, त्यांत नाहीत. 'चेटकिणींचा गुप्त प्राचीन धर्म' ही कल्पना लोकप्रिय केली मार्गारेट मरे या इजिप्तच्या अभ्यासक बाईंनी, १९२१ मध्ये. चेटकिणींच्या खटल्यांतले, बरेचसे छळ करून घेतलेले, कबुलीजबाब त्यांनी अक्षरशः खरे धरले. इतिहासकारांनी तो सिद्धान्त पुढे मोडीत काढला. तोवर विक्कापंथाचे प्रवर्तक जेराल्ड गार्डनर आले होते. मलायात कस्टम खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले हे गृहस्थ म्हणत, की १९३९ मध्ये इंग्लंडच्या न्यू फॉरेस्ट भागातल्या एका चेटकीण-मंडळात त्यांना दीक्षा मिळाली. १९५१ मध्ये ब्रिटनमधला जुना चेटूकविरोधी कायदा रद्द झाला, १९५४ मध्ये गार्डनरांचं पुस्तक आलं, प्रस्तावना मरेबाईंचीच. सुरुवातीला त्यांच्याकडेही चार सण मोठे होते. आठही सणांना सारखा मान मिळाला तो १९५८च्या सुमाराला, गार्डनरांच्याच ब्रिकेट वुड मंडळात. शरद संपाताचं 'मेबन' हे नाव तर १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात एडन केली यांनी ठेवलं. चक्र सुरेख आहे, पण ते आपल्या आजी-आजोबांच्या वयाचं आहे.

राहिलं 'जसंच्या तसं'. आज सगळ्यात गाजतो तो एडिनबराच्या कॅल्टन हिलवरचा, ३० एप्रिलच्या रात्रीचा बेल्टेन अग्निमहोत्सव. तो १९८८ मध्ये सुरू केला टेस्ट डिपार्टमेंट या औद्योगिक आवाजांचं संगीत करणाऱ्या गटातल्या कलाकारांनी, लोकसाहित्याच्या अभ्यासकांना हाताशी धरून. ढोल, मशाली, अंगभर लाल रंग फासलेली माणसं, मे राणी आणि पानांनी मढलेला ग्रीन मॅन. यातला ग्रीन मॅन या नावाने ओळखला जाऊ लागला १९३९ मध्ये, लेडी रॅगलन यांच्या लेखानंतर. गाई नाहीत. आयोजकही हे नवं रूप आहे हे लपवत नाहीत. आणि ऑस्ट्रेलियातले विक्कापंथी बेल्टेन करतात नोव्हेंबरच्या तोंडावर, कारण वसंत तिकडे तेव्हा रंगात असतो. त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही, मलाही वाटत नाही. पण मग पाच हजार वर्षं जसाच्या तसा राहिलेला विधी सहा महिने पुढे कसा सरकला, हे त्या मजकुराच्या लेखकालाच विचारायला हवं.