गाठींचा काउंटर आणि ‘जुनाट’ चिप : दोन स्टारला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

दोन स्टार देताना तुम्ही लिहिलं, “प्रेसचा कापसाच्या गाठींचा काउंटर दोनदा बिघडला. बोर्ड उघडला तर आत १९८० सालची ८०५१ कंट्रोलर चिप, प्रोग्रामची चिप वेगळी, रॅम वेगळी. आता हे सगळं एकाच चिपमध्ये येतं. पैसे कशाचे घेता?”

आधी काउंटरचं. चूक आमचीच. आकडे बॅटरीवरच्या ६२२५६ रॅममध्ये राहतात. आपल्या जिनिंगच्या फीडरवर (वीजलाईनवर) लाईट एकदम जात नाही, आधी व्होल्टेज बसतं, मग उसळतं. चिपला थांबवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करणाऱ्या रिसेट पिनला आम्ही नुसता कपॅसिटर-रेझिस्टर दिला होता, आणि हळूहळू बसणारं व्होल्टेज त्याला कळत नाही. पाचाचे चार व्होल्ट झाले तरी चिप चालत राहते, भरकटते आणि रॅममध्ये काहीबाही लिहून ठेवते. बॅटरी तो कचरा मग इमानदारीनं सांभाळते! तीनशे गाठींच्या जागी साठ हजार दिसले ते त्यामुळे. आता व्होल्टेजवर नजर ठेवणारी सुपरवायझर चिप टाकली आहे. व्होल्टेज साडेचारच्या आसपास उतरलं की ती रिसेट धरून ठेवते आणि रॅमचं दार बंद करते. तुमचा बोर्ड फुकट बदलून देऊ.

चिपचं मात्र पटत नाही. डिझाइन १९८० चं, पण बसवलेली चिप त्याच घराण्यातली ८९एस५२ आहे. तिच्या आत प्रोग्रामसाठी ८ केबी फ्लॅश मेमरी असूनही आम्ही ईए पिन (प्रोग्राम आतून घ्यायचा की बाहेरून, हे ठरवणारी) ग्राउंडला देऊन ती वापरत नाही. काहून? कारण प्रोग्राम सॉकेटातल्या २७सी२५६ ईपीरॉममध्ये (अतिनील प्रकाशानं पुसता येणाऱ्या मेमरी चिपमध्ये) हवा. ऐन सीझनात बदल लागला तर चिप एसटीनं पाठवतो. मिलचाच इलेक्ट्रिशियन जुनी उपसतो, खाच बघून नवी दाबतो आणि प्रेस सुरू. लॅपटॉप नाही, केबल नाही, आमच्या माणसाची वाट पाहणं नाही.

याची किंमत आहेच. आठ डेटा लाइन, सोळा अ‍ॅड्रेस लाइन, मध्ये अ‍ॅड्रेस धरून ठेवणारी ३७३ लॅच चिप, म्हणून बोर्ड मोठा. सांधे जास्त, कॉन्टॅक्टरचा (मोटारीच्या मोठ्या स्विचचा) नॉईज शिरायला वाटाही जास्त. हे घरातल्या पंख्यासाठी असतं तर मीही एका चिपवरच भागवलं असतं.

तुमच्या फोटोत ईपीरॉमवरचं स्टिकर निघालेलं दिसतं. ते आजच चिकटवा. त्याखालच्या काचेच्या खिडकीवर थेट ऊन पडत राहिलं तर आठवड्याभरात प्रोग्राम पुसला जाऊ शकतो.

मोबाईलवर गाठी दिसाव्यात, ही तुमची मागणी रास्त आहे. ते ८०५१ च्या गळ्यात बांधणार नाही. सिरीयल पोर्टवरून ९६०० बॉडनं आकडे बाहेर येतातच, तिथे वाय-फायवालं ईएसपी३२ चं छोटं बोर्ड वेगळं जोडून देतो, त्याचे पैसे मात्र लागतील.

प्रेस बंद ठेवू नका. रजिस्टरमधला आजचा गाठींचा आकडा तेवढा लिहून ठेवा, नव्या बोर्डात तोच भरून सुरू करू.