यू ५२ ला 'सरकारी नियमांनी मारलं', हे खरं नाही

युंकर्स यू ५२ या तीन इंजिनांच्या जुन्या जर्मन विमानाच्या फोटोखाली एक मजकूर बराच फिरतो आहे. त्यातले दावे थोडक्यात असे: हे विमान ऐंशी वर्षं ठणठणीत उडालं, आजची विमानं मात्र वीस-पंचवीस वर्षांत भंगारात जातात, गुळगुळीत पत्रा तेव्हा जमत नव्हता म्हणून पन्हळी लावला, पण त्यानेच ते अभेद्य झालं, आणि २०१८ च्या एका अपघाताचं निमित्त करून अधिकाऱ्यांनी ते जमिनीवर बसवलं. हे विमान मला फार प्रिय आहे, म्हणूनच हे तसंच सोडवत नाही.

आधी वयाचं बघू. विमान किती झिजलं हे नुसत्या वर्षांवरून कळत नाही. किती तास उडालं आणि किती वेळा चढलं-उतरलं ते बघावं लागतं. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये कोसळलेलं यू ५२ होतं १९३९ चं, पण त्याचे एकूण तास दहा हजारांच्या जरा वर. आजचं प्रवासी विमान वर्षाला तीन-चार हजार तास उडतं, म्हणजे हा आकडा ते तीनेक वर्षांत गाठतं. शिवाय त्याच्या केबिनमध्ये प्रत्येक उड्डाणाला हवेचा दाब भरला जातो. तो ताण यू ५२ ला कधीच नव्हता.

आणि 'ठणठणीत'? लुफ्थान्सा या जर्मन विमान कंपनीचं प्रसिद्ध यू ५२ हे १९३६ चं. कंपनीने ते १९८४ मध्ये विकत घेतलं, हॅम्बुर्गला जवळजवळ नव्याने उभं केलं आणि १९८६ पासून उडवलं. त्यावरची इंजिनंसुद्धा मूळची बीएमडब्ल्यू नव्हेत, अमेरिकन प्रॅट अँड व्हिटनी. ते इतकी वर्षं टिकलं याचं श्रेय त्याची डागडुजी करणाऱ्या कारागिरांचं आहे, आणि या मजकुरात त्यांचं नावही नाही.

पन्हळी पत्र्याची गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती युंकर्स कंपनीचा संस्थापक ह्यूगो युंकर्स याच्यावर अन्याय करते. डिसेंबर १९१५ मध्ये उडालेलं त्याचं पहिलं सर्वधातू विमान, 'जे १' (J 1), बाहेरून गुळगुळीतच होतं! पण ते पोलादाचं, म्हणून जड. पुढे त्याने हलकं ड्युरॅल्युमिन, म्हणजे तांबं मिसळलेलं ॲल्युमिनियम, घेतलं. पातळ पत्रा दाबाखाली लगेच वाकतो. पन्हळ पाडली की वजन फारसं न वाढता तो ताठ राहतो. म्हणून १९१९ च्या त्याच्या एफ १३ विमानापासून यू ५२ पर्यंत तेच कातडं राहिलं, पन्हळी उड्डाणाच्या दिशेने. किंमतही मोजावी लागली: हवेला घासणारा पृष्ठभाग वाढला आणि वारा पन्हळीला तिरका लागला की अवरोध आणखी वाढला. १९३३ मध्ये बोइंग २४७ आलं, आतून पट्ट्यांनी ताठ केलेल्या गुळगुळीत पत्र्याचं, आणि पन्हळीचे दिवस भरले.

अभेद्य तर ते मुळीच नव्हतं. ड्युरॅल्युमिनला बळ येतं तांब्यामुळे आणि तेच तांबं त्याला गंजायलाही लावतं. दोन पत्रे जिथे एकमेकांवर रिव्हेटने बसवलेत तिथे ओल शिरते, फटीत पांढरी भुकटी साठते आणि फुगून पत्रे एकमेकांपासून ढकलते. बाहेरून बघणाऱ्याला रंग जरासा उचललेला दिसतो, बस्स.

आता अपघात. ४ ऑगस्ट २०१८ रोजी पिझ सेग्नास शिखराजवळ २० जण गेले. विमानाच्या म्हातारपणाने हा अपघात झाला नाही, इथपर्यंत मजकूर लिहिणाऱ्याशी मी सहमत आहे. अंतिम अहवालाने मुख्य दोष वैमानिकांच्या जोखमीच्या, दरीत खालून नेलेल्या उड्डाणाला दिला. पण ढिगारा तपासताना गंज आणि तडे सापडले, तेव्हा ते विमान उडवणाऱ्या स्विस संस्थेची उरलेली यू ५२ नोव्हेंबरमध्ये थांबवली गेली. प्रवासी घेऊन उडणाऱ्या विमानात तडे सापडल्यावर अधिकाऱ्याने दुसरं काय करायचं होतं?

लुफ्थान्साच्या विमानाला तर कुणी बंदी घातलीच नव्हती. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीने खर्च परवडत नाही म्हणून प्रवासी उड्डाणं स्वतःच बंद केली.