‘बंद पीस माथी मारला’ या तक्रारीला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमची तक्रार थोडक्यात अशी: शनिवारी मुलीसाठी 61 पट्ट्यांचा कीबोर्ड नेला, खोक्यात अडॅप्टर नव्हता, बाहेरून आणून लावला तरी चालू होईना, सेल घातले तर दोन मिनिटांत बंद, दुकानाचा फोन रात्री कुणी उचलला नाही, आणि ‘मिरजेसारख्या वाद्यांच्या गावात बंद पीस माथी मारला’. म्हणून एक स्टार. मंगळवारी तुम्ही कीबोर्ड परत घेऊन आलात तेव्हा काउंटरवर मीच होतो. तेव्हा जे समोर पाहिलं तेच लिहितो.

आधी आमची चूक. या मॉडेलच्या खोक्यात अडॅप्टर येत नाही, वेगळा घ्यावा लागतो. पैसे घेण्याआधी हे सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. शनिवारची गर्दी होती, पोरगा नवीन आहे, ही आमची कारणं झाली, तुम्हाला त्याच्याशी काय करायचंय! दुसरी चूक याहून मोठी. तंबोरा आम्ही जुळवून, चार वेळा छेडून दाखवल्याशिवाय कुणाच्या हातात देत नाही. कीबोर्ड मात्र ‘कंपनीचा सीलबंद माल’ म्हणून तसाच पिशवीत घालून दिला. फोनचं म्हणाल तर साडेआठला शटर पडलं की लँडलाइन आत एकटीच वाजत बसते. आता ती माझ्या मोबाइलवर वळवली आहे.

‘बंद पीस’ हे मात्र मला मान्य नाही.

तुम्ही आणलेला अडॅप्टर मल्टिपिन होता. त्याला बाजूला व्होल्टची सरकपट्टी असते आणि टोकाची पिन काढून उलटसुलट बसवता येते. कीबोर्ड फिरवून बघितला तर पॉवरच्या भोकाशेजारी बारीक अक्षरांत 9.5 व्होल्ट असं छापलंय आणि एक खूण आहे: मधे ठिपका, भोवती अर्धवट गोल, ठिपक्याकडून निघालेल्या रेघेला प्लस. म्हणजे पिनेच्या आत प्लस, बाहेर मायनस. तुमची पिन नेमकी उलटी बसवलेली, आणि सरकपट्टी 12 वर. बोर्ड जळला नाही हे नशीब. यात तुम्हाला दोष देत नाही. यामाहाच्या बऱ्याच छोट्या कीबोर्डना 12 व्होल्ट लागतात, कॅसिओच्या अलीकडच्या बऱ्याच मॉडेलना 9.5, आणि कॅसिओच्याच जुन्या 9 व्होल्टवाल्या अडॅप्टरला आत मायनस. रोज हाताळणारे आम्हीसुद्धा खूण बघितल्याशिवाय पिन खुपसत नाही.

सेलचं. खालचं झाकण उघडलं तर सहा पेन्सिल सेलपैकी दोन नवे अल्कलाइन आणि चार घरातल्या घड्याळ-रिमोटमधून काढलेले. रिमोटला करंट लागतो चिमूटभर, तोही क्षणभर, म्हणून त्यात अर्धमेला सेलही महिनोन् महिने निभतो. इथे स्पीकर सतत ओढत असतात. मुलीनं आवाज वाढवून डाव्या हाताचे जाड सूर दाबले की जुने चार माना टाकतात आणि डिस्प्ले विझतो. नवे सहाच्या सहा, एकाच प्रकारचे टाकले तर प्रश्न नाही. रिचार्जेबल चालतात का, हे तुम्ही विचारलंत. साधे सहा मिळून 9 व्होल्ट होतात, रिचार्जेबल सहा मिळून 7.2. काही मॉडेलना ते चालतात, काहींत सेलचा प्रकार सेटिंगमध्ये सांगावा लागतो. पुस्तिका बघूनच घाला. आणि परीक्षेच्या दिवसांत वाजवणं बंद राहणार असेल तर सेल काढून ठेवा. पाझरलेल्या सेलनं स्प्रिंगा खाल्लेले कीबोर्ड महिन्याला एखादा तरी येतोच आमच्याकडे.

मग योग्य अडॅप्टर लावला. दिवा लागला, डिस्प्ले आला, आवाज शून्य! तुमचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता, माझाही. मागे हेडफोनच्या भोकात छोटीच्या इयरफोनचा जाड पिनेचा कन्व्हर्टर तसाच राहिला होता. इयरफोन काढला तरी कन्व्हर्टर आत असेपर्यंत कीबोर्डला वाटतं हेडफोन लावलाय, आणि तो स्पीकर बंद ठेवतो. तो उपसला आणि डेमो दणक्यात सुरू झाला.

तुम्ही काल मेसेज केलात की जेवून येईपर्यंत कीबोर्ड परत बंद झाला होता. तो बिघाड नाही. साधारण अर्धा तास कुणी पट्टी दाबली नाही की तो आपणहून झोपतो. नको असेल तर ती सोय बंद करता येते, पुस्तिकेत ‘ऑटो पॉवर ऑफ’ शोधा. लावताना पिन आधी कीबोर्डला, मग भिंतीतला स्विच, आवाज खाली ठेवून मग कीबोर्डचं बटण. काढताना उलट.

अडॅप्टर आम्ही आमच्या खर्चानं दिला, तो परत मागणार नाही. या आठवड्यापासून प्रत्येक कीबोर्ड काउंटरवर उघडून, अडॅप्टरवर आणि सेलवर चालवून दाखवल्याशिवाय बिल होत नाही. पोरं कुरकुरतात, कुरकुरू देत. स्टार किती ठेवायचे ते तुम्ही ठरवा, मी त्यासाठी फोन करणार नाही.

तुमच्या खोक्यातला वह्या ठेवायचा काळा स्टँड मंगळवारी आमच्याच काउंटरवर राहिलाय. सोमवार सोडून कधीही या, गल्ल्यामागे ठेवलाय.

— दुकानमालक